सीक्वेन्स ब्रेकिंग कुठून सुरू करायचं? आधी वाट नक्की कशाने अडलीये ते बघ

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, माझं काही समजायचं राहिलं असेल तर सांग. सुपर मेट्रॉइड हा गेम तू निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइनवर एकदा पूर्ण केलास, मग कुणाचा तरी स्पीडरन (गेम कमीत कमी वेळात संपवायची खेळी) बघितलास, त्यात तो माणूस स्पोअर स्पॉन या बॉसकडे फिरकलाच नाही तरी त्याच्याकडे सुपर मिसाइल होती, आणि आता तुलाही तसं, म्हणजे गेमने ठरवलेला क्रम मोडून (यालाच सीक्वेन्स ब्रेकिंग म्हणतात), खेळायचंय. गेले काही दिवस वॉल जंपची (भिंतीला पाय लावून मारायची उडी) प्रॅक्टिस चाललीये, कधी लागते कधी नाही, अंगठा दुखायला लागलाय. वर तीन शंका आहेत: सेव्ह कायमचा अडकला तर काय, लॅपटॉपवर हॉलो नाइट हा याच धाटणीचा दुसरा गेम आहे तर तिथून सुरुवात सोपी पडेल का, आणि मित्र म्हणतो तशी ही चीटिंग आहे का.

मित्राचं आधी उरकू, कारण ते पटकन होण्यासारखं आहे. वॉल जंपसाठी सुपर मेट्रॉइडमध्ये कुठलाही आयटम लागत नाही, पहिल्या मिनिटापासून ती तुझ्याकडे असते. गेममध्ये खाली ब्रिन्स्टार या भागात तीन छोटे प्राणी भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत वर जाऊन दाखवतात, दुसरीकडे शहामृगासारखा एक पक्षी सुसाट पळत येतो आणि सरळ वर झेपावून शाइनस्पार्क, म्हणजे पळून साठवलेल्या वेगाची झेप, दाखवतो, आणि हे सगळं एक अक्षर स्क्रीनवर न लिहिता. १९९४ च्या या गेमवाल्यांनी स्वतःच नजरेने कॉपी करायला शिकवलंय, मग ती युक्ती तू त्यांच्या अपेक्षेआधी वापरलीस तर त्यात चोरी कसली? पुढचे गेम तर आणखी उघडपणे बोलतात. २००२ च्या मेट्रॉइड फ्यूजनमध्ये एका ठिकाणी अवघड शाइनस्पार्क करून ठरलेल्या क्रमाच्या आधी बाहेर पडलास तर एक लपवलेला संवाद ऐकायला मिळतो, म्हणजे कुणीतरी हे करेल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. २००४ च्या झिरो मिशनमध्ये १५ टक्के किंवा त्याहून कमी आयटम घेऊन गेम संपवलास तर शेवटी वेगळं चित्र मिळतं. २०२१ च्या ड्रेडमध्ये मॉर्फ बॉलचे (गोळा होऊन लोळायची क्षमता) बॉम्ब आणि ग्रॅपल बीम लवकर मिळवून क्रेड या बॉससमोर गेलास तर त्याला झटक्यात मारायचा खास प्रकार ठेवलाय, वेगळ्या अ‍ॅनिमेशनसकट. तर मित्राला हे वाचून दाखव आणि विषय बंद कर.

आता मूळ गोष्ट. तू विचारलंयस 'आधी कुठली ट्रिक शिकू', पण मला तुझी अडचण ट्रिकची वाटत नाही. त्या रनमध्ये तो माणूस जिथे वळला तिथे वळायचं त्याला कसं सुचलं, हे तुला अजून दिसत नाहीये. हात नंतर तयार होतात, आधी नजर तयार व्हावी लागते, आणि नजर तयार व्हायला तासन्‌तास प्रॅक्टिस लागत नाही, एकदा कळलं की कळलं.

बघ, या प्रकारच्या गेममध्ये अख्खा मॅप पहिल्यापासून तिथेच असतो, मधे फक्त अडथळे असतात. नवा खेळणारा सगळ्या अडथळ्यांकडे एकाच नजरेने बघतो: इथून जाता येत नाही, म्हणजे काहीतरी आयटम लागणार, नंतर येऊ. पण अडथळे दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत गेम खरोखर तपासतो की तुझ्याकडे अमुक गोष्ट आहे का. सुपर मेट्रॉइडमधलं हिरवं दार सुपर मिसाइलनेच उघडतं, पिवळं पॉवर बॉम्बनेच, तू बाहेर कितीही कोलांट्या मार, दाराला त्याचं काही पडलेलं नाही. शेवटच्या टुरियन भागाची वाट अडवणारा सोनेरी पुतळा क्रेड, फँटून, ड्रेगॉन आणि रिडली हे चौघं मेलेत का एवढंच बघतो. दुसऱ्या जातीत गेम काहीही तपासत नाही. कडा उंच आहे, खड्डा रुंद आहे, खोली तापलेली आहे, शटर पटकन पडतं, अंधार आहे, बस. डिझायनरने अंदाज बांधलेला असतो की साध्या उडीने हा माणूस इथे पोचणार नाही, म्हणजे हाय जंप बूट घेऊनच येईल. तो अंदाज तुझ्या हाताने चुकवायचा, म्हणजे सीक्वेन्स ब्रेक.

आता याच चष्म्यातून स्पोअर स्पॉन बघ. पुतळ्याच्या यादीतली चार नावं वर दिली, त्यात स्पोअर स्पॉन आहे का? नाही. म्हणजे तो मेला का जगला याची चौकशी गेम पुढे कुठेही करत नाही. तो महत्त्वाचा का, तर त्याच्या मागे सुपर मिसाइलचा पहिला पॅक ठेवलाय, आणि सुपर मिसाइल नसेल तर हिरवं दार उघडत नाही, आणि हिरवं दार उघडलं नाही तर लाल ब्रिन्स्टारकडे जाता येत नाही. म्हणजे साखळीतली पक्की कडी सुपर मिसाइल आहे, बॉस नाही. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: सुपर मिसाइल आणखी कुठे ठेवलीत का? ठेवलीत, हिरव्या ब्रिन्स्टारमध्येच एका खोलीत, जिथे तू जवळ येतोस तशी शटर खाली येतात. डिझायनरच्या हिशोबाने तिथे स्पीड बूस्टर घेऊन यायचं. पण शटर तुझी बॅग तपासत नाही, ते फक्त वेळेवर पडतं. पडायच्या आत निसटलास की झालं. तुला रनमध्ये जी जादू दिसली ती एवढीच.

दुसरं उदाहरण यापेक्षा मला जास्त आवडतं कारण त्यात फक्त वॉल जंप लागते. लाल ब्रिन्स्टारमधला तो उंच टॉवर आठवतोय? वर रिपर नावाचे ते कडक किडे आडवे फिरत असतात. ठरलेला क्रम असा की आधी नॉरफेअर या तापलेल्या भागात जाऊन आइस बीम आणायचा, मग रिपर गोठवायचे, त्यांच्यावर पाय ठेवत वर जायचं, आणि वर पॉवर बॉम्ब मिळतात. पण गेमने तिथे आइस बीम तपासणारं काही ठेवलंय का? काही नाही, नुसता उंच शाफ्ट आहे. वॉल जंप येत असेल तर आइस बीमशिवाय वर जा, पॉवर बॉम्ब घे, आणि सगळी पिवळी दारं एकदम तुझी. इथे तुला पहिल्यांदा खरं कळेल की सीक्वेन्स ब्रेकने फक्त एक बॉस वाचत नाही, पुढे कुठे जायचं याचे पर्यायच वाढतात.

तर माझा सल्ला असा की या आठवड्यात वॉल जंप बाजूला ठेव, तुझा पूर्ण झालेला जुना सेव्ह उघड आणि नुसतं फिर. प्रत्येक अडथळ्यापाशी थांब आणि स्वतःला विचार: इथे गेम काही तपासतोय, की नुसती जागा अवघड आहे? मी ज्यांना ज्यांना हे शिकवलंय त्यांना आधी हेच करायला लावतो, आणि बरेच जण स्वतःच दोनतीन ब्रेक शोधून येतात जे लोकांनी वीस वर्षांपूर्वी शोधलेत, पण स्वतः शोधल्याची मजा वेगळी आणि ते विसरलंही जात नाही.

आता अंगठ्याचं बघू. वॉल जंप न लागण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, क्रम. लोक उलटी दिशा आणि उडी एकत्र दाबतात, किंवा आधी उडी मग दिशा. सुपर मेट्रॉइडला आधी दिशा हवी. नीट सांगतो. आधी स्पिन जंप हवी, म्हणजे पळता पळता किंवा दिशा धरून मारलेली गरगर फिरणारी उडी, जागच्या जागी सरळ मारलेली नाही. फिरत फिरत भिंतीला लाग. लागलास की भिंतीच्या विरुद्ध दिशा दाब, भिंत डावीकडे असेल तर उजवी. त्या क्षणी सॅमसचं (तू खेळवतोस ती नायिका) फिरणं थांबतं आणि ती भिंतीला पाय लावल्यासारखी पोझ घेते. ती पोझ दिसली की उडी. हे सगळं पटकन होतं पण पोझ डोळ्याला दिसते, आणि सुरुवातीला तू फक्त ती पोझ आणायची प्रॅक्टिस कर, उडी मारूच नकोस. खाली पड, परत कर. पोझ दर वेळी यायला लागली की मग उडी जोड. अजून एक, पहिल्या उडीचं बटण सोडल्याशिवाय दुसरी उडी लागणार नाही, आणि घाबरून लोक ते बटण दाबूनच ठेवतात.

दोन समोरासमोर भिंती असलेल्या अरुंद शाफ्टमध्ये सुरू कर, एकाच भिंतीवर परत परत उडी मारत चढणं ही पुढची पायरी आहे. आणि सुपर मेट्रॉइडची सवय घेऊन फ्यूजनमध्ये गेलास तर वैतागशील, तिथे उडीनंतर सॅमस भिंतीपासून लांब फेकली जाते, एकाच भिंतीवर चढता येत नाही. म्हणजे फ्यूजनवाल्यांनी या युक्तीचा पुरता विचार करून तिला लगाम घातलाय.

कंट्रोलरवर बरंच अवलंबून आहे, हे मात्र मान्य करतो. अ‍ॅनालॉग स्टिकने हे करत असशील तर आधी ते बंद कर, डाव्या-उजव्याचा स्वच्छ बदल हवा असतो आणि स्टिक मधे रेंगाळते. डाव्या जॉयकॉनला अखंड डी-पॅड नाही, चार सुटी बटणं आहेत, त्यावर होतं पण अंगठा उचलून टाकावा लागतो आणि तुझं दुखणं बहुधा तिथलंच आहे. धड डी-पॅड असलेला कुठलाही कंट्रोलर चालेल, महाग लागतो असं काही नाही. गेमच्या ऑप्शन मेनूमध्ये बटणं बदलता येतात हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, डॅश आणि जंप तुझ्या अंगठ्याला सोयीचे पडतील असे ठेव. आणि दुखायला लागलं की थांब. स्नायूला शिकायला झोप लागते, रात्री न लागलेली उडी सकाळी लागते हे मी इतक्या जणांचं बघितलंय.

स्पोअर स्पॉन टाळून सुपर मिसाइल देणाऱ्या त्या शटरच्या खोलीसाठी वॉल जंप उपयोगाची नाही, तिथे मॉकबॉल लागतो. साधा मॉर्फ बॉल हळू लोळतो, मॉकबॉलमध्ये पळण्याचा वेग बॉलमध्ये टिकून राहतो, एवढीच कल्पना. डॅश धरून पळ, छोटी उडी मार, हवेत पुढची दिशा सोड, खाली दाब (बंदूक खाली वळेल), परत खाली दाब (बॉल होईल), आणि जमिनीला टेकायच्या आत पुढची दिशा पुन्हा धर. शेवटचा भाग उशिरा झाला तर बॉल जमिनीवर येऊन नेहमीसारखा रटाळ लोळतो, सगळी गडबड तिथेच होते. मोकळ्या लांब खोलीत आधी कर, शटरसमोर नको, कारण शटर पडलं की मन चिडतं आणि चिडलेल्या हाताने उडी लांब जाते. छोटी उडी हवी, लक्षात ठेव, लांब उडीत हवेत सगळं करायला वेळ मिळतो असं वाटतं पण टायमिंग दर वेळी वेगळं पडतं. खोलीच्या आत गेलास की सुपर मिसाइल तर आहेच, त्याच भागात एक रिझर्व्ह टँकही आहे, तोही घेऊन ये.

आता सेव्ह अडकण्याची भीती. ही भीती बरोबर आहे आणि ती घालवायला मी सांगणार नाही, ती कामाला लाव. ठरलेल्या क्रमाने खेळताना डिझायनरने तुझ्या परतीची काळजी घेतलेली असते. ज्या आयटमने आत गेलास त्याच आयटमने बाहेर येता येतं, असं त्यांनी बघितलेलं असतं. तू तो आयटम न घेता आत शिरलास की ती हमी गेली. म्हणून आत जायची वाट सापडली की लगेच उडी न मारता परतीची वाट आधी बघायची. खाली उडी मारणं नेहमी सोपं असतं, वर येणं नसतं. पाण्यात ग्रॅव्हिटी सूटशिवाय सॅमसची उडी एवढीशी होते, त्यामुळे मॅरिडिया या पाण्याच्या भागात सूट नसताना खालच्या वाळूत उतरणं नवख्यासाठी एकेरी तिकीट होऊ शकतं. आणि टुरियनमध्ये खोलवर जाऊन सेव्ह केलंस तर मागे फिरता येईलच असं नाही, हे तर साध्या खेळातही लागू आहे, राहिलेले आयटम गोळा करायचे असतील तर त्याआधी.

अडकणं स्वतःहून इतकं वाईट नसतं, अडकून सेव्ह करणं वाईट. नव्या जागी चोरून पोचलास आणि समोर सेव्ह स्टेशन दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, तो आवर. सुपर मेट्रॉइडला तीन सेव्ह स्लॉट आहेत आणि सुरुवातीच्या स्क्रीनवर डेटा कॉपीचा पर्याय आहे, कुठलाही ब्रेक करून बघायच्या आधी चालू खेळ दुसऱ्या स्लॉटमध्ये कॉपी करून ठेव, दहा सेकंदांचं काम. स्विचवर तर त्याशिवाय सस्पेन्ड पॉइंट आणि रिवाइंड आहेत. रिवाइंडबद्दल माझं मत थोडं कडक आहे: वाट शोधताना बिनधास्त वापर, पण हात शिकवताना बंद ठेव. वॉल जंप चुकली की रिवाइंड, परत चुकली की रिवाइंड, असं केलंस तर तुला फक्त शेवटची अर्धी सेकंद येते, पळत येऊन भिंतीला लागायचं ते येतच नाही. त्यापेक्षा शाफ्टच्या तळाशी सस्पेन्ड पॉइंट ठेव आणि पूर्ण कृती परत कर.

हॉलो नाइटचं विचारलंयस. हो, सुरुवातीला ते एका अर्थाने माफ करणारं आहे, कारण तिथे मेनूत जाऊन खेळ बंद केला आणि परत उघडला की तू शेवटच्या बाकावर (तिथला सेव्ह पॉइंट) येतोस. म्हणजे कुठेही फसलास तरी सुटका आहे, सुपर मेट्रॉइडमध्ये असं नाही. आणि तिथे शिकायला पहिली गोष्ट फार मजेदार आहे, खाली वार करून उसळणं. काट्यांवर नेलने (नाइटची तलवार) खाली मारलंस तर नाइट वर उसळतो, त्यामुळे 'इथे काटे आहेत, जाता येत नाही' असं वाटणारी निम्मी जागा चालण्यासारखी होते. वर सांगितलेला चष्मा इथेही लाव. क्रिस्टल पीकच्या वाटेवर एक अंधारी खोली आहे, स्लायच्या दुकानात १८०० जिओला लुमाफ्लाय कंदील मिळतो आणि सगळ्यांना वाटतं तो घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. पण अंधार स्वतः दार नाही, अंधारात चाचपडतही फिरता येतं. उलट फंगल वेस्ट्सकडून सिटी ऑफ टीअर्समध्ये शिरायचं मोठं दार सिटी क्रेस्ट मागतं, ते खरं कुलूप, तिथे डोकं आपटू नकोस, शहरात शिरायच्या दुसऱ्या वाटा शोध.

पण हॉलो नाइट तू अजून पूर्ण केलेलं नसेल (तू ते लिहिलं नाहीयेस) तर माझं उत्तर बदलतं. मग आधी सरळ, काही न वाचता खेळून घे. सीक्वेन्स ब्रेकची निम्मी गंमत 'इथे मी पहिल्यांदा किती भटकलो होतो' हे आठवण्यात आहे, ती भटकंतीच नसेल तर तू फक्त कुणाचा तरी रस्ता पाठ करतोयस. आणि व्हिडिओत ज्याला शेड स्किप म्हणतात, म्हणजे मुद्दाम ठराविक जागी मरायचं आणि मागे राहिलेल्या स्वतःच्या सावलीला मारून तिच्यावरून उसळून वर जायचं, ते सध्या नको. परत मेलास तर जवळचे जिओ जातात, आणि सावली परत मिळेपर्यंत सोलचं (जखम भरायला लागणारी शक्ती) भांडंही फुटकं राहतं. स्टील सोल मोडमध्ये तर मरण म्हणजे खेळच संपला, तिथे हा प्रकार अस्तित्वातच नाही.

आवृत्तीचं एक सांगायचं राहिलं. व्हिडिओत दिसतं ते तुझ्याकडे होईलच असं नाही, आणि नवीन लोक यात फार वेळ घालवतात. मेट्रॉइड प्राइमचं उदाहरण घे. २००२ ला अमेरिकेत गेमक्यूबवर आलेल्या पहिल्या डिस्कमध्ये स्कॅन व्हायझर वापरून एक लांब झेप मारता यायची, त्याने खेळ सुरू झाल्या झाल्या जहाजाजवळूनच स्पेस जंप बूट मिळवता यायचे. २००३ च्या सुरुवातीला याच गेममध्ये थार्डस या बॉसच्या आधी ग्रॅव्हिटी सूट आणि आइस बीम कसे मिळवायचे यावर लोकांची जोरात चर्चा झाली, सीक्वेन्स ब्रेकिंग हे नाव तिथूनच पसरलं. नंतर युरोपच्या आवृत्तीत ती झेप काढून टाकली. हिरकणी ज्या कड्यावरून उतरली तिथे महाराजांनी बुरूज बांधून घेतला अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ना, हे अगदी तसंच आहे, कौतुकही झालं आणि वाटही बंद झाली. हॉलो नाइटमध्येही जुन्या पॅचमधल्या काही गोष्टी नव्यात चालत नाहीत, म्हणून स्पीडरन करणारे लोक मुद्दाम जुना पॅच ठेवतात. तेव्हा एखादी ट्रिक खूप वेळ लागत नसेल तर स्वतःला दोष द्यायच्या आधी व्हिडिओखाली आवृत्ती कुठली लिहिलीये ते बघ. सुपर मेट्रॉइडच्या बाबतीत मी वर सांगितलेल्या वॉल जंप आणि मॉकबॉलला तुझ्या स्विचवर काही अडचण नाही.

ग्लिचबद्दलही विचारशील म्हणून आधीच सांगतो. भिंतीतून आरपार जाणं, एक्स-रे स्कोप वापरून भिंतीत चढत मॅपच्या बाहेर निघणं, असल्या गोष्टी आहेत आणि त्यांची स्वतंत्र स्पर्धा चालते. मला त्यात वावगं काही वाटत नाही पण सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे. उंच कडा चढलास तर तुला त्या जागेबद्दल काहीतरी कळतं. मॅपच्या बाहेरून गेलास तर जागाच मधून गायब होते, तू एक बटणांचा क्रम पाठ करतोस, आणि थोडं इकडेतिकडे झालं तर खेळ गोठतो. आधी जागा नीट कळू दे.

म्हणजे आत्तापर्यंतचा क्रम असा झाला: जुन्या सेव्हवर नजर तयार करणं, मग पोझवर लक्ष ठेवून वॉल जंप, मग नवीन खेळ सुरू करून लवकर सुपर मिसाइल, मग लाल टॉवरमधून लवकर पॉवर बॉम्ब. वॉल जंप पक्की झाली पण मॉकबॉल होत नसेल तर स्पोअर स्पॉनला मारून पुढे जा आणि लाल टॉवरचा ब्रेक कर, काही बिघडत नाही. सगळंच एका खेळात जमलं पाहिजे असा हट्ट धरून लोक कंटाळतात आणि सोडून देतात.

यानंतर काय, तर माझ्या मते हेल रन. नॉरफेअरमधल्या तापलेल्या खोल्यांत उष्णता अडवणाऱ्या व्हारिया सूटशिवाय शिरायचं आणि एनर्जी संपायच्या आत पलीकडे निघायचं. हातापेक्षा हिशोबाचं काम आहे म्हणून शिकायला चांगलं. उष्णतेने सेकंदाला १५ एनर्जी जाते. तुझ्याकडे तीन एनर्जी टँक भरलेले असतील तर एकूण ३९९, म्हणजे साधारण २६ सेकंद, तेही कुणी शत्रू न चावता. मग बघायचं की ती खोली रिकामी असताना तुला किती वेळ लागतो, आणि यायचं-जायचं दोन्ही धरायचं, लोक फक्त जायचं धरतात. आत एनर्जी देणारे शत्रू कुठे आहेत ते माहीत असेल तर हिशोब आणखी ताणता येतो. सुरुवातीला ठरलेल्या वेळेच्या दीडपट एनर्जी घेऊन जा.

सुपर मेट्रॉइडमधल्या मोडक्या जहाजाकडे (रेक्ड शिप) जाताना मधे जो पाण्याचा मोठा खंदक आहे, जिथे ग्रॅपल बीम लागतो असं वाटतं, तो वॉल जंपनेही ओलांडता येतो पण त्यातली वॉल जंप तू आत्ता शिकतोयस त्यापेक्षा बरीच काटेकोर आहे, ती नंतर. आणि रिडलीपासून सुरू करून चारही बॉस उलट्या क्रमाने मारायचं जे व्हिडिओ आहेत ते सध्या फक्त बघ, त्यात सूटशिवाय पाणी, उष्णता, अपुरी एनर्जी सगळं एकदम येतं.

रँडमायझर मात्र तुला वाटतं त्यापेक्षा लवकर खेळून बघ. त्यात आयटमच्या जागा बदललेल्या असतात, तुझ्याकडून कितपत ट्रिक अपेक्षित आहेत ते आधी निवडता येतं, तिथे सगळ्यात सोपी पातळी ठेव. पाठ केलेला कुठलाच रस्ता तिथे चालत नाही, प्रत्येक खोलीत परत तोच प्रश्न विचारावा लागतो. वॉल जंपची पोझ आठ-दहा दिवसांत नीट येत नसेल तर एक छोटा व्हिडिओ टाक, बटणं कुठल्या क्रमाने दाबतोयस ते दिसेल असा, बघून सांगतो.